हंगामी बास्केटबॉल कोचला कायम करावं का?

अबोली

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मी गणित शिकवते. विषय अजून समितीपुढे असल्यामुळे कॉलेजचं नाव सांगत नाही. आम्ही डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतो. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, आणि प्रेक्षक म्हणजे बहुतेक आईवडील आणि वसतिगृहातल्या मैत्रिणी. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच नाताळच्या सुट्टीआधी अचानक सोडून गेल्या आणि संघ सहायक कोचकडे सोपवला गेला. तोवर आम्ही जिंकत कमी आणि हरत जास्त होतो. जानेवारीपासून चित्र पालटलं. आता मुलींनी सगळ्यांच्या सह्यांचं पत्र दिलंय की आम्हाला हीच कोच हवी. देशभर जाहिरात देऊन नवीन माणूस शोधायचा की हिलाच कायम करायचं, हे ठरवणाऱ्या समितीत प्राध्यापकांतर्फे मला घेतलंय.

परवा बैठकीत एक सदस्य म्हणाले, "टेक्सासचं बघा. हंगामी कोचला कायम केलं आणि दोन वर्षांत काढायची वेळ आली." झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. एका उदाहरणावर एका बाईची नोकरी आणि इतक्या मुलींची पुढची वर्षं ठरावीत हे मला अजिबात पटत नाही. इथे कॉलेज बास्केटबॉल मनापासून बघणारे बरेच आहेत. तुम्हाला नीट माहीत असलेली उदाहरणं सांगा. नुसतं किती जिंकले ते नको. कुणी जमवलेल्या संघावर जिंकले आणि पुढच्या वर्षी काय झालं, ते हवंय.

ऑस्टिनकर

अबोलीताई, टेक्सासचं मी सांगतो. रिक बार्न्स कोच होते तेव्हापासून इथले सामने बघतोय, आणि ज्या रॉडनी टेरींना टेक्सासने हंगामीवरून कायम केलं, ते तेव्हा त्यांचे सहायक होते.

१२ डिसेंबर २०२२ ला पहाटे मुख्य कोच ख्रिस बिअर्ड यांना घरगुती हिंसाचाराच्या आरोपावरून अटक झाली. विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं आणि ५ जानेवारीला काढून टाकलं. (तो खटला पुढे सरकारी वकिलांनी मागे घेतला, हेही सांगायला हवं.) अटक झाली त्याच संध्याकाळी राइसविरुद्ध सामना होता. मी मूडी सेंटरमध्ये होतो. आजूबाजूचे सगळे फोनमध्ये बातम्या वाचत होते, कोर्टाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पोरं बावरलेली दिसत होती. राइससारखा संघ एरवी मध्यंतरापर्यंतच मागे पडायला हवा, तो ओव्हरटाइमपर्यंत लढला. शेवटी ८७-८१ असे जिंकलो. टेरी तेवढा वेळ साइडलाइनवर शांत उभे होते. प्रत्येक टाइमआउटला ते आधी खेळाडूंच्या खांद्यावर हात ठेवत आणि मग पाटी हातात घेत. त्या रात्री संघ फुटला असता तर कुणालाही नवल वाटलं नसतं.

संघ फुटला नाही. टेरींच्या हाताखाली २२ विजय, ८ पराभव. बिग ट्वेल्व्ह या आमच्या तेव्हाच्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात कॅन्ससला ७६-५६ असं हरवलं. एनसीएए या देशभरच्या बाद स्पर्धेत कोलगेट, पेन स्टेट, झेवियर यांना हरवून एलिट एट (शेवटचे आठ संघ) गाठली. २००८ नंतर पहिल्यांदाच. २६ मार्चला मायामीविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये १३ गुणांनी पुढे होतो, ८८-८१ असे हरलो. डिलन डिसू पायाच्या दुखापतीमुळे बाहेर होता. तो असता तर फायनल फोर (शेवटचे चार) नक्की होती असं मला अजूनही वाटतं. दुसऱ्याच दिवशी टेरींना कायम केल्याचं जाहीर झालं. पाच वर्षांचा करार, १५.३ मिलियन डॉलर.

पुढचं वर्ष २१-१३, दुसऱ्या फेरीत बार्न्स यांच्याच टेनेसीकडून ६२-५८ असा पराभव. मग बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी या कॉन्फरन्समध्ये प्रवेश. तिथे २०२४-२५ च्या हंगामात ६ विजय आणि १२ पराभव, एकूण १९-१६, आणि एनसीएएच्या फर्स्ट फोरमध्ये (मुख्य फेरीआधीच्या सामन्यांत) झेवियरकडून आघाडी घालवून ८६-८० असे हरलो. मार्च २०२५ मध्ये टेरींना काढलं.

माझं मत स्पष्ट आहे. २०२३ चा निर्णय योग्य होता. त्या वर्षी जे त्या माणसाने केलं ते नामांकित कोचलाही जमलं नसतं.

हुरॉनकाठी

ऑस्टिनकर काका, संघ सांभाळला हे शंभर टक्के मान्य. पण तो संघ बघा ना. मार्कस कार, टिमी ॲलन, सर'जबारी राइस, ख्रिश्चन बिशप, सगळी पाचव्या-सहाव्या वर्षाची अनुभवी पोरं. त्यांना जमवलं बिअर्ड यांच्या कारकिर्दीत, आणि ती त्याच वर्षी संपत होती. दुसऱ्या वर्षापासून टेरींची खरी परीक्षा सुरू झाली. रॉन हॉलंडने टेक्सासला यायचं कबूल केलं होतं, टेरी कायम झाल्यावरही तो जी-लीग इग्नाइट या व्यावसायिक संघाकडे गेला. ए. जे. जॉन्सन ऑस्ट्रेलियाला गेला.

आमच्या मिशिगनची गोष्ट या बाबतीत सगळ्यांत जास्त शिकवणारी आहे. मार्च १९८९, एनसीएए स्पर्धा तोंडावर. कोच बिल फ्रीडर यांनी सांगितलं की हंगाम संपल्यावर मी ॲरिझोना स्टेटला जाणार. ॲथलेटिक डायरेक्टर (खेळ विभागाचे प्रमुख) होते बो शेम्बेक्लर, फुटबॉलचे दिग्गज. ते म्हणाले, मिशिगनचा संघ मिशिगनचाच माणूस चालवेल, आणि सहायक स्टीव्ह फिशर यांना उभं केलं. सहा सामने, सहा विजय, राष्ट्रीय विजेतेपद.

आता शेवटची तीन सेकंदं बघा. ३ एप्रिल, सिएटलचं किंगडोम, सीटन हॉलविरुद्ध ओव्हरटाइम, मिशिगन ७८, सीटन हॉल ७९. रुमील रॉबिन्सनला दोन फ्री थ्रो मिळाले. हाच रॉबिन्सन त्याच हंगामात विस्कॉन्सिनच्या कोर्टवर अगदी शेवटी दोन फ्री थ्रो चुकला होता आणि मिशिगन तो सामना हरलं होतं. तेव्हापासून तो सरावानंतर रोज १०० फ्री थ्रो मारत होता. सिएटलला त्याने दोन्ही टाकले. ८०-७९. ते शंभर-शंभर फ्री थ्रो मारले गेले फ्रीडर कोच असताना आणि चषक आला फिशर कोच असताना. मग श्रेय कुणाचं? मला विचाराल तर दोघांचं. पण विजेतेपद जिंकलेल्या माणसालासुद्धा शेम्बेक्लर यांनी लगेच नेमलं नाही, आठवडाभर विचार करून नेमलं. ते मला फार आवडतं.

आणि फिशर संघ उभारू शकतात हे पुढे दिसलंच. १९९१ ला त्यांनी वेबर, रोझ, हॉवर्ड, किंग आणि जॅक्सन हे पाच नवखे एकाच वर्षी आणले. १९९२ आणि १९९३, दोन्ही वेळा अंतिम सामना गाठला. नंतर एड मार्टिन प्रकरण (एका चाहत्याने खेळाडूंना पैसे दिल्याचं) झालं आणि १९९७ ला फिशर यांनाही जावं लागलं. मग तेच नाटक पुन्हा. ब्रायन एलर्बी हंगामी म्हणून आले, पहिल्याच वर्षी २५ सामने जिंकले, बिग टेन या मिशिगनच्या कॉन्फरन्सची पहिलीवहिली स्पर्धा जिंकली आणि कायम झाले. पुढच्या वर्षी १२-१९. २००१ ला बाहेर. एकच विद्यापीठ, दोन हंगामी कोच, दोघांचीही सुरुवात झगझगीत. त्यामुळे सुरुवातीवरून काही ठरवू नका एवढंच माझं म्हणणं.

पावसाळी_सांज

वाचतेय. बास्केटबॉलमधलं कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये.

सांगलीकर_सुमा

अबोलीताई, मला अमेरिकेतलं काही माहीत नाही, पण "प्रभारी" या शब्दाबरोबर मी लहानाची मोठी झाले. माझे वडील एका कॉलेजात कितीतरी वर्षं प्रभारी प्राचार्य होते. महाराष्ट्रात हे सर्रास चालतं. सही त्यांची, जबाबदारी त्यांची, पण नवीन विषय सुरू करायचा म्हटलं की संस्था म्हणायची, कायम प्राचार्य आले की बघू. शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांना ठाऊक, की हे आज आहेत, उद्या नसतील. त्यामुळे कडक बोलायची सोय नाही.

तुमच्या कोचबाईंचं मूल्यमापन करताना हे विचारा की त्यांना या महिन्यांत नक्की कशाचा अधिकार होता. सहायक नेमता आला का? पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलींना शब्द देता आला का? ज्याचा अधिकारच नव्हता त्याचं अपयश त्यांच्या नावावर मांडू नका. आणि निर्णय काहीही घ्या, पण लवकर घ्या. लोंबकळत ठेवणं हे नकारापेक्षा वाईट असतं, हे मी घरात पाहिलंय.

रिबाउंड

सुमाताईंशी पूर्ण सहमत. मी पुण्यात विद्यापीठाकडून खेळलोय, आता शाळेच्या मुलांना शिकवतो. खेळाडूंच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

कोच बदलला की सुरुवातीला सगळेच जीव तोडून धावतात. बेंचवरच्यांना वाटतं आपली पाटी कोरी झाली. सुरुवातीच्या पाचातल्यांना वाटतं आपली जागा जाईल. तो जोर काही आठवडे टिकतो. म्हणून जानेवारीतले सामने बाजूला ठेवा आणि फेब्रुवारीच्या मध्यातले बघा, जेव्हा अंग दुखत असतं आणि परीक्षाही असतात. तेव्हा बचाव कसा होता? शेवटच्या पाच मिनिटांत कोर्टवर कोण होतं? तिने एखाद्या लाडक्या मुलीला कधी बसवलं का? ज्या हंगामी कोचने कुणालाही दुखावलं नाही, त्याला संघ अजून कळायचा आहे.

दुसरं, सह्यांचं पत्र. अहो, लॉकर रूममध्ये कॅप्टनने कागद पुढे केला तर पहिल्या वर्षाची मुलगी नाही म्हणेल का? पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलींना सगळ्यांत कमी मिनिटं मिळाली, त्यांच्याशी एकेकीने बोला. त्या जर म्हणाल्या की मला खेळायला मिळालं नाही तरी का मिळालं नाही ते कोचने मला सांगितलं, तर ते सगळ्या सह्यांपेक्षा वजनदार आहे.

नीलमोहर

लुईव्हिलहून लिहितेय. कायम न केलेल्याचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून.

सप्टेंबर २०१७ मध्ये आमचे मुख्य कोच रिक पिटिनो यांना बाजूला केलं गेलं आणि सराव सुरू व्हायच्या बेतात असताना डेव्हिड पॅजेट यांच्याकडे संघ आला. वय ३२. तपासाची टांगती तलवार, खेळाडू गोंधळलेले, वरचे अधिकारीही बदललेले. त्यांनी २२ सामने जिंकले, १४ हरले. एनसीएएचं आमंत्रण थोडक्यात हुकलं.

ते कसं हुकलं ते सांगते. १ मार्च २०१८, अव्वल क्रमांकाचा व्हर्जिनिया आमच्या घरच्या कोर्टवर. ०.९ सेकंद शिल्लक आणि आम्ही चार गुणांनी पुढे. थ्री-पॉइंटर मारणाऱ्यावर फाउल झाला, त्याने दोन फ्री थ्रो टाकले, तिसऱ्याला त्यांचाच नियमभंग झाला आणि चेंडू आम्हाला मिळाला. फक्त आत टाकायचा होता. आत टाकणारा खेळाडू बेसलाइनवर सरकला. तिथे सरकायची परवानगी नव्हती. चेंडू व्हर्जिनियाला, थ्री-पॉइंटर बोर्डाला लागून आत, ६७-६६. स्टेडियममध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तीन आठवड्यांत पॅजेट यांना कायम करणार नसल्याचं जाहीर झालं आणि ख्रिस मॅक आले. नावाजलेले, झेवियरमध्ये यशस्वी. २०२२ च्या जानेवारीत तेही गेले आणि आम्ही पुन्हा हंगामी कोचवर आलो. म्हणून "देशभर शोध घेतला की चांगला माणूस मिळतो" असं समितीत कुणी म्हणालं तर लुईव्हिल आठवा. पॅजेट यांना ठेवलं असतं तर काय झालं असतं ते कुणीच सांगू शकत नाही, पण त्या मुलाला (हो, माझ्यासाठी मुलगाच) एक पूर्ण वर्ष द्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

ऑस्टिनकर

नीलमोहरताई, अगदी. आणखी एक. टेरींच्या जागी आता कोण आलंय? शॉन मिलर, ज्यांच्या झेवियरने आम्हाला फर्स्ट फोरमध्ये हरवलं तेच. हेच मिलर २००९ ला झेवियरमधूनच ॲरिझोनाला गेले होते, आणि तिथेही त्यांच्याआधी हंगामी कोच होते. ल्यूट ओल्सन हंगामाच्या तोंडावर निवृत्त झाले तेव्हा रस पेनेल यांनी बाराव्या मानांकनाचा संघ स्वीट सिक्स्टीनपर्यंत (शेवटच्या सोळांत) नेला. तिथे लुईव्हिलने १०३-६४ असं धुतलं हे खरं. ॲरिझोनाने पेनेल यांना ठेवलं नाही, टेक्सासने टेरींना ठेवलं. दोन्हीकडे शेवटी माणूस तोच.

हुरॉनकाठी, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण मार्चअखेरीला ॲथलेटिक डायरेक्टरपुढे काय होतं ते बघा. ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडलेलं. दुसऱ्या विद्यापीठांचे फोन पोरांना जात असणार. हंगामी कोच दारात आलेल्या मुलाला काय सांगणार, की ये, मी असेन बहुतेक? महिनाभर शोध घेत बसले असते तर टायरीस हंटर, डिसू, डिलन मिचेल यांतलं कुणी राहिलं असतं का?

हुरॉनकाठी

काका, घाई का झाली ते पटतं. पण घाईवर तोड म्हणून निकष सोडायचे नसतात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने १९९६-९७ ला तर हंगाम चालू असतानाच ठरवलं. मुख्य कोच जिम हॅरिक यांना नोव्हेंबरात काढलं, ३२ वर्षांचे स्टीव्ह लॅविन हंगामी झाले. जानेवारीत स्टॅनफर्डकडून तब्बल ४८ गुणांनी हरले. तरीही फेब्रुवारीत कायम केलं, आणि तो संघ पुढे एलिट एटपर्यंत गेला. लॅविन यांनी सहा वर्षांत पाच वेळा स्वीट सिक्स्टीन गाठली. २००३ ला १०-१९ झालं, १९४८ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि त्यांना काढलं. या निर्णयाला चूक म्हणायचं का? मी म्हणणार नाही. स्टॅनफर्डच्या सामन्यानंतरही ज्यांनी त्यांना नेमलं, त्यांना निकालापलीकडचं काहीतरी दिसलं असणार.

आणि अबोलीताई, तुमच्यासाठी सगळ्यांत जवळचं उदाहरण विस्कॉन्सिनचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बो रायन हंगामाच्या मध्येच निवृत्त झाले, ग्रेग गार्ड हंगामी झाले. जानेवारीत ९-९ अशी अवस्था होती. मग बारापैकी अकरा सामने जिंकले. मार्चमध्ये स्पर्धेच्या आधीच कायम केलं, नंतर स्वीट सिक्स्टीन. २०२५ मध्येही तेच कोच होते आणि मधे बिग टेन जिंकलीय. फरक काय? गार्ड प्लॅटव्हिलच्या कॉलेजपासून रायन यांच्याबरोबर होते, दोन दशकांहून जास्त. आणि प्लॅटव्हिल डिव्हिजन थ्रीच आहे, तुमच्यासारखं. खेळाडू शोधणं, त्यांच्या घरी जाणं, त्यांना घडवणं हे काम ते आधीच करत होते. गार्ड यांचा संघ त्यांनीच जमवलेला होता. टेरी २०२१ मध्ये आले आणि दीड वर्षात गादीवर बसले. हा फरक माझ्या मते निर्णायक आहे.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत बरंच काम केलं, ते सांगते.

आधी आकडे. आमचे डिसेंबरपर्यंतचे प्रतिस्पर्धी जड होते, जानेवारीनंतर कॉन्फरन्समधले सामने सुरू झाले. म्हणजे सुधारणेचा बराचसा भाग वेळापत्रकाचाच आहे आणि तो कोचच्या खात्यात घालणं बरोबर नाही. पण एका गोष्टीचं कारण वेळापत्रकात सापडत नाही. हातातून चेंडू जाणं तगड्या संघांविरुद्धही कमी झालं, आणि रिबाउंड म्हणतात तसं फेब्रुवारीच्या मध्यातही ते कमीच राहिलं. मी सरावाला जाऊन बसले. आमच्या कोच दोन मुलींना एकाच पासवर पुन्हा पुन्हा थांबवत होत्या. पास देणारीने डोळ्यांनी आधी दिशा सांगून टाकली की शिट्टी. न ओरडता, न कंटाळता. ती सवय त्यांनी लावली आहे, ती आधी नव्हती.

मग बेंचवरच्या मुलींशी एकेकीने बोलले. एक जण नाराज आहे आणि तिने ते स्पष्ट सांगितलं. बाकीच्यांना आपण का खेळलो नाही ते माहीत होतं.

आणि हुरॉनकाठींच्या मुद्द्यावरून प्रवेश विभागाला विचारलं की सध्याच्या मुलींना कॉलेजकडे वळवलं कुणी. शिष्यवृत्ती नसल्यामुळे आमच्याकडे कोचचे फोन आणि भेटी यांवरच सगळं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या बहुतेक मुलींच्या फाइलवर याच बाईंच्या नोंदी निघाल्या. मुख्य कोचचं नाव वर होतं, घरोघरी जाणाऱ्या या होत्या. आमच्या समितीत हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

सुमाताई, अधिकाराचं तुम्ही म्हणालात ते फार उपयोगी पडलं. त्यांना या हंगामात एकही सहायक दिला नव्हता. पुढच्या वर्षी येऊ शकणाऱ्या मुलींना "अजून ठरायचंय" एवढंच सांगायची मुभा होती. आणि १ मेला मुली कॉलेज पक्कं करतात. जाहिरात, अर्ज, मुलाखती यांत आम्ही मेपर्यंत गेलो तर नवा कोणीही येवो, त्याच्या हाती रिकामी यादी पडेल.

रिबाउंड

प्रवेश विभागाच्या फाइल्स! हे कधी सुचलं नसतं. ताई, आता कराराचं बघा. पहिल्या वर्षी तुमच्या किती मुली पदवी घेऊन जातायत? मुख्य खेळाडू जात असतील तर पुढचा हंगाम पडता असणार, आणि तेव्हा हेच सदस्य म्हणतील, बघा, सांगितलं होतं.

अबोली

सुरुवातीच्या पाचातल्या तिघी जातायत. म्हणूनच एक वर्षाच्या कराराला मी विरोध करणार आहे. एका वर्षाचा करार म्हणजे नाव बदलून हंगामीच. बैठक गुरुवारी आहे. मी कायम करण्याच्या बाजूने मत देणार आहे. करार तीन वर्षांचा, त्यांच्या पसंतीचा एक सहायक, आणि पहिल्या वर्षाचं मूल्यमापन जिंकलेल्या सामन्यांवर न करता किती मुली आल्या आणि किती टिकल्या यावर, असं लेखी. टेक्सासचा विषय निघाला तर ऑस्टिनकर काकांची आणि हुरॉनकाठींची, दोघांचीही बाजू मांडीन. ज्या सदस्यांनी तो काढला होता त्यांना त्या फाइल्सच्या प्रती आजच पाठवल्यात.